बाळाचा न्यूमोनिया विषाणूचा की जिवाणूचा? काय, कोणत्या क्रमानं पाहायचं

बाळाला खोकला-ताप आला आणि डॉक्टर 'न्यूमोनिया' म्हणाले, की घरातून पहिला प्रश्न येतो : "व्हायरल आहे का?" आणि तिथंच क्रम चुकतो. "व्हायरल आहे, आपोआप जाईल" असं कुणी म्हटलं, की धाप लागलेलं बाळ दोन दिवस घरी राहतं. उलट "छातीत कफ भरलाय" म्हटलं, की साध्या सर्दीलाही अँटिबायोटिक, इंजेक्शन आणि वर स्टेरॉइडचे थेंब मिळतात. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. कारण कोणतं, हा प्रश्न दुसरा. श्वास किती अडचणीत आहे, हा पहिला. विषाणूचा न्यूमोनियाही बाळाचा जीव घेऊ शकतो, त्यामुळे 'व्हायरल' म्हणजे 'साधा' असं समजू नका.

हा लेख दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या आई-वडिलांसाठी, आशाताईंसाठी आणि अंगणवाडीताईंसाठी आहे. पहिले चार टप्पे घरी किंवा गावात करता येतात, पुढचे बहुतेक डॉक्टरांसोबत. टप्पे उलटसुलट करू नका.

तयारी

जवळ असू द्या : सेकंद दाखवणारं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर, थर्मामीटर, लसीकरणाचं कार्ड आणि बाळाचं अलीकडचं वजन. वजन अंगणवाडीच्या नोंदीत मिळतं. औषधाची मात्रा वजनावर ठरते, म्हणून ते अंदाजानं सांगू नका.

खोलीतली धुरी आधी बंद करा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा-शोपा टाकून धुरी दिली जाते, चुलीत पऱ्हाट्या-तुराट्या जळत असतात. त्या धुरात बाळाचा श्वास मोजला तर आकडाही चुकेल आणि त्रासही वाढेल.

नाक चोंदलं असेल तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनचे एक-दोन थेंब दोन्ही नाकपुड्यांत टाका, शेंबूड पुसून घ्या आणि दहा मिनिटं थांबा. तान्ही बाळं बहुतांशी नाकानंच श्वास घेतात, त्यामुळे चोंदलेलं नाक छातीच्या आजारासारखं वाटतं. नाकात तेल मात्र कधीही घालू नका. ते फुफ्फुसात उतरलं तर तेलाचाच वेगळा न्यूमोनिया होतो.

टप्पा १ : आधी वय

बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर हा लेख इथंच बाजूला ठेवा आणि दवाखान्यात निघा. या वयात विषाणू की जिवाणू हे लक्षणांवरून ठरवत नाहीत. संसर्ग काही तासांत रक्तात पसरू शकतो. ताप नसणं हीही खात्री नाही, कारण अंग गार पडणं ही तापाइतकीच वाईट खूण आहे. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दूध ओढत नाही, हालचाल मंदावली, ताप आहे किंवा अंग थंड लागतंय, यापैकी एकही गोष्ट पुरे. बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरून, वरून पांघरूण घेऊन न्या. जिल्हा रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता कक्षाची गरज लागू शकते, हे धरून चला.

टप्पा २ : धोक्याच्या खुणा

मोजायला बसण्याआधी बाळाकडे नुसतं पाहा. यातली एकही खूण असेल तर १०८ ला फोन करा आणि मोजणी सोडून द्या :

- अंगावर पीत नाही, पाणीही घेत नाही
- पोटात गेलेलं सगळं उलटून पडतं
- झटका आला
- सुस्त पडलंय, हलवूनही नीट जागं होत नाही
- शांत असतानाही श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येतो
- प्रत्येक श्वास सोडताना कण्हतं, किंवा श्वासाबरोबर मान डोलते
- जीभ किंवा ओठांची आतली बाजू निळसर दिसते (सावळ्या बाळात बाहेरची त्वचा पाहून कळत नाही, जीभच पाहा)

ताकीद : छातीवर-पोटावर बिब्बा, डाग, गरम तेलाचा शेक यातलं काहीही करू नका. कातडी जळते, जंतूंना आणखी एक वाट मिळते आणि महत्त्वाचे तास जातात.

तीव्र कुपोषित बाळात या खुणा झाकल्या जातात. ताप येत नाही, श्वासही फार वाढत नाही, बाळ फक्त मलूल होतं. अशा बाळाला खोकला असेल आणि खाणं सुटलं असेल, तर तेवढ्यावरही दवाखान्यात न्या.

टप्पा ३ : श्वास मोजणे

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून सावकाश वाचा.

१. बाळ शांत हवं. झोपलेलं सगळ्यात उत्तम, नाहीतर आईच्या मांडीवर निवांत. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा निरुपयोगी.

२. अंगावरचा झबला छातीच्या वर सरकवा. दिवसाच्या उजेडात, नाहीतर बॅटरीच्या. पोट आणि छाती जिथं मिळतात तिथं नजर ठेवा. हात ठेवू नका, बाळ बिथरतं.

३. वर-खाली मिळून एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, मध्येच थांबतो, मग भरभर होतो. पंधरा सेकंदांत एक श्वास चुकला तर मिनिटात चार चुकतात, आणि ४८ चे ५२ होतात.

४. आकडा लगेच वेळेसह लिहा.

आता तुलना करा. जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेली आणि आपल्या आशाताईंच्या प्रशिक्षणातही असलेली मर्यादा अशी आहे : दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त. वाढदिवस झाला की मर्यादा बदलते, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. अकरा महिन्यांच्या बाळाचा ४६ चा श्वास मर्यादेत असतो, तेरा महिन्यांच्याचा नसतो.

ताप असेल तर श्वास थोडा वाढतोच. दोन महिन्यांवरच्या बाळाला पॅरासिटामॉल देऊन (दर वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांचं अंतर ठेवून) अर्ध्या-एक तासानं पुन्हा मोजा. ताप उतरूनही आकडा वरच असेल तर तो बहुधा छातीचा. धोक्याची खूण असेल तर या पुन्हा मोजण्यासाठी थांबायचं नाही.

तपासा : पॅरासिटामॉलच्या बाटलीवर काय लिहिलंय? थेंबांच्या बाटलीत साधारणपणे १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२५ किंवा २५०. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम द्यायचं तर थेंबांतून १.२ मिलिलिटर, १२५ च्या सिरपमधून ५ मिलिलिटरला जरा कमी, २५० च्या सिरपमधून २.४. थेंबांच्या बाटलीतून चमचाभर दिलं तर एका वेळी ५०० मिलिग्रॅम पोटात जातं.

टप्पा ४ : छाती आणि ऑक्सिजन

आपल्याकडे 'पोट उडतंय' असं म्हणतात. पण तान्ह्या बाळाचं पोट श्वासाबरोबर एरवीही हलतं, तेवढ्यानं काही ठरत नाही. पाहायची आहे ती बरगड्यांची खालची कड. बाळ श्वास आत घेतं तेव्हा पोट वर येतं, आणि त्याच क्षणी खालच्या बरगड्या आत ओढल्या जातात का? प्रत्येक श्वासाला, शांत असतानाही? तसं असेल तर फुफ्फुस कडक झालंय किंवा वाट अरुंद झालीय. श्वासाचा आकडा मर्यादेत असला तरी बाळाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. थकलेल्या बाळाचा श्वास मंदावतो, तेव्हा आकडा कमी झाला म्हणून बरं वाटलं असं धरू नका.

ऑक्सिजन मोजायला कोरोनाच्या काळात घेतलेली बोटाची क्लिप बऱ्याच घरांत पडून आहे. ती मोठ्यांची. बाळाच्या बोटावर ती सैल बसते आणि खोटा आकडा दाखवते. बाळासाठी पायाच्या अंगठ्याला किंवा पावलाला गुंडाळायचा वेगळा सेन्सर लागतो, तो आरोग्य केंद्रात मागा. पाय गार असेल तर चोळून ऊब द्या. यंत्रावरचे नाडीचे ठोके स्थिर होईपर्यंत थांबा, मगच आकडा वाचा. ९० च्या खाली असेल तर ऑक्सिजन आणि भरती, कारण कोणतंही असो. ९० ते ९३ मध्ये बाळाला परत घरी नेण्याची घाई करू नका.

टप्पा ५ : हा न्यूमोनियाच आहे ना?

विषाणू-जिवाणूकडे जाण्याआधी दुसऱ्या गोष्टी वगळाव्या लागतात. सर्दी-ताप काही नसताना खेळता खेळता अचानक ठसका लागला आणि मग धाप सुरू झाली? शेंगदाणा, हरभऱ्याचा दाणा किंवा चिंचोका श्वासनळीत गेलेला असू शकतो. हुरड्याच्या, सोलाण्याच्या दिवसांत हा प्रश्न हमखास विचारा. रॉकेलची बाटली तोंडाला लावली होती का? उलटी काढू नका, थेट दवाखाना गाठा. जुलाबानं सुकलेलं किंवा रक्त फार कमी असलेलं बाळही भरभर श्वास घेतं, पण त्याची छाती साफ असते. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल आणि घरात कुणाला टीबी असेल, तर ते डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.

आता आवाज. श्वास सोडताना शिट्टीसारखी घरघर येत असेल, तर केंद्रात डॉक्टर स्पेसर (औषधाचा फवारा धरून ठेवणारी नळी) आणि मास्क लावून सालब्युटामॉल हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन पाहतात, १५-२० मिनिटांच्या अंतरानं तीनदापर्यंत, आणि नंतर श्वास पुन्हा मोजतात. श्वास मर्यादेत आला, बरगड्या ओढणं थांबलं, तर अडचण मुख्यतः नळ्यांच्या आकुंचनाची होती आणि अँटिबायोटिकची गरज बहुधा नसते. हे पुन्हा मोजणं टाळलं की घरघर असलेली कितीतरी बाळं विनाकारण अँटिबायोटिकवर जातात. उलट, घरघर नसताना 'वाफ' म्हणून रोज नेब्युलायझर लावण्यानं न्यूमोनिया बरा होत नाही.

टप्पा ६ : आता विषाणू की जिवाणू

इथं एकाही खुणेवर निकाल लावू नका. आजाराची चाल पाहा.

*विषाणूकडे झुकणारी चाल.* आधी दोन-तीन दिवस नाक वाहतं, शिंका येतात, मग खोकला, मग धाप. घरात थोरल्या भावंडाला किंवा आजीला सर्दी झालेली असते. घरघर असते आणि ती छातीच्या दोन्ही बाजूंना ऐकू येते. ताप उतरला की बाळ हसतं, खेळण्याकडे हात करतं, थोडं थोडं पितं. दोन वर्षांखालच्या बाळांत पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीपर्यंत हे चित्र फार दिसतं. त्यातला एक मोठा गट म्हणजे ब्राँकिओलायटिस (फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांची सूज), ज्यामागे बहुतेकदा आरएसव्ही हा विषाणू असतो. त्याचा त्रास साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी "औषधानं फरक नाही, बदलून द्या" म्हणणं घाईचं ठरतं, आणि दुसऱ्या दिवशी "ठीक आहे" म्हणून निर्धास्त होणंही.

*जिवाणूकडे झुकणारी चाल.* सर्दी फारशी नसताना ताप एकदम १०२-१०३ वर जातो. घरघर नसते. डॉक्टरांना एका बाजूला, एका ठरावीक जागी करकर ऐकू येते किंवा आवाज कमी येतो. आणि माझ्या मते घरच्यांना कळणारी सर्वांत उपयोगी खूण ही : पॅरासिटामॉलनं ताप उतरला तरी बाळ बरं दिसत नाही. नजर लावत नाही, खांद्यावर मान टाकून पडून राहतं, कण्हतं. ताप किती चढला यापेक्षा ताप उतरल्यावर बाळ कसं दिसतं, हे डॉक्टरांना सांगा.

*दुसऱ्यांदा चढलेला ताप.* सर्दी-ताप येऊन गेला, एक-दोन दिवस बरं होतं, आणि पुन्हा जोराचा ताप आणि धाप. विषाणूनं वाट मोकळी केली आणि मागून जिवाणू शिरला, असं बऱ्याचदा घडतं. गोवर येऊन गेल्यावर तर फारच जपा. अंगावर पुवाचे फोड असतील आणि तासागणिक प्रकृती ढासळत असेल, तर स्टॅफिलोकॉकस या जिवाणूची शंका घेतात. तो फुफ्फुसाभोवती पू करतो, आणि अशा बाळाला घरी ठेवून तोंडानं औषध देणं धोक्याचं आहे.

लसीकरणाचं कार्ड इथं कामाला येतं. पेंटाव्हॅलंट (दीड, अडीच, साडेतीन महिने) हिब या जिवाणूपासून आणि पीसीव्ही (दीड, साडेतीन, नऊ महिने) न्यूमोकॉकसपासून संरक्षण देते. पीसीव्ही २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे. सगळे डोस झाले असतील तर जिवाणूची शक्यता कमी होते, पण शून्य होत नाही. ऊसतोडीला गेलेल्या बीड-परभणीकडच्या कुटुंबांत नेमके साडेतीन आणि नऊ महिन्यांचे डोस कोपीवर (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) असताना चुकतात. "सगळ्या सुया झाल्यात" या शब्दावर न जाता कार्डावरची तारीख पाहा.

या गोष्टींवरून ठरवू नका :

- शेंबूड पिवळा-हिरवा होणं. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तसा होतो.
- नुसता तापाचा आकडा. फ्लू आणि अडेनोव्हायरस १०३-१०४ पर्यंत नेतात.
- खोकला ओला की कोरडा. बाळ कफ गिळून टाकतं.
- आईच्या हाताला छातीत जाणवणारी खरखर. बऱ्याचदा ती नाका-घशातलीच असते.

आणि दोन्ही एकत्रही असतात. रुग्णालयात भरती झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांवर सात देशांत झालेला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला 'पर्च' हा मोठा अभ्यास आहे. भारत त्यात नव्हता, बांगलादेश होता. छातीच्या फोटोत (एक्स-रेत) न्यूमोनिया दिसलेल्या गंभीर मुलांत सुमारे ६१ टक्के आजार विषाणूंमुळे आणि सुमारे २७ टक्के जिवाणूंमुळे होता. एकट्या आरएसव्हीचा वाटा ३१ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे गंभीर आजारातही विषाणू जास्त, पण चारातलं एक बाळ जिवाणूचं. त्या एका बाळासाठी डॉक्टर शंकेचा फायदा अँटिबायोटिकला देतात. ते चूक नाही.

टप्पा ७ : तपासण्या, आणि त्या वाचताना होणारी गल्लत

बाळ पितंय, ऑक्सिजन चांगला आहे, घरीच उपचार होणार आहेत, तर फोटो आणि रक्ताची गरज सहसा नसते. भरती करायची वेळ आली, निदान शंकास्पद असलं किंवा औषधानं फरक पडला नाही, तर त्या करायच्या.

*छातीचा फोटो.* एका भागात ठळक पांढरा पट्टा किंवा फुफ्फुसाभोवती पाणी असेल तर कल जिवाणूकडे. दोन्ही बाजूंना विखुरलेल्या रेषा आणि फुगलेली फुफ्फुसं असतील तर विषाणूकडे. पण विषाणूच्या आजारात कफानं एखादा भाग मिटतो आणि तोही पांढरा दिसतो. बाळ रडताना, तिरकं असताना काढलेला फोटो फसवतो. बरं वाटल्यावर 'साफ झालं का' पाहायला पुन्हा फोटो काढू नका. बाळ खेळायला लागल्यावरही फोटोत डाग काही आठवडे राहतो.

*सीआरपी.* शरीरात संसर्ग किंवा सूज असली की वाढणारा रक्तातला घटक. इथली नेहमीची गल्लत एककाची. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. डेसिलिटरमधला ६ म्हणजे लिटरमधला ६०. एका लॅबचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडण्याआधी एकक वाचा. ताप येऊन काहीच तास झाले असतील तर जिवाणू असूनही सीआरपी कमी येतो, वाढायला अर्धा-एक दिवस लागतो. आणि अडेनोव्हायरस तो जिवाणूइतका वाढवू शकतो. फार कमी आणि बाळही ठीक असेल तर अँटिबायोटिक टाळायला आधार मिळतो. मधल्या आकड्यांवरून काही ठरत नाही. पांढऱ्या पेशींचंही तसंच.

*नाकातला स्वॅब.* विषाणू सापडला म्हणजे जिवाणू नाही, असं सिद्ध होत नाही.

टप्पा ८ : औषध

श्वास मर्यादेच्या वर आहे, घरघर नाही, धोक्याची खूण नाही : अशा दोन महिन्यांवरच्या बाळाला तोंडानं अमॉक्सिसिलिन. विरघळणाऱ्या २५० मिलिग्रॅमच्या गोळीचा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब वयानुसार असा : दोन महिने ते एक वर्ष, एका वेळी एक गोळी. एक ते तीन वर्षं, एका वेळी दोन. दिवसातून दोनदा, पाच दिवस. वजनावरून डॉक्टर यात बदल करतात. हा हिशेब चिठ्ठी समजून घेण्यासाठी आहे, दुकानातून परस्पर घेण्यासाठी नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर आधी सांगा.

काय चुकतं :

- अर्धी मात्रा. १२५ मिलिग्रॅमची बाटली आणि 'अर्धा चमचा'. आजार दबतो, जात नाही.
- पावडरच्या बाटलीत कमी-जास्त पाणी. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घाला, दर वेळी हलवा, सात दिवसांनी उरलेलं टाकून द्या.
- अमॉक्सिसिलिनऐवजी सेफिक्झिम. 'वरचं' औषध म्हणून ते सर्रास दिलं जातं, पण न्यूमोकॉकसवर ते कमी पडतं.
- तिसऱ्या दिवशी ताप गेला म्हणून बंद.
- दुकानदारानं दिलेले स्टेरॉइडचे थेंब. ताप आणि मलूलपणा झाकतात, आजार आत वाढतो.
- सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपं. या वयात द्यायचीच नाहीत. क्लोरफेनिरामिन-फिनिलेफ्रिनच्या मिश्रणावर 'चार वर्षांखाली देऊ नये' अशी सूचना छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच सांगितलं आहे.
- वर्षाखालच्या बाळाला मध. देऊ नका.

विषाणूचा असेल तर औषध कमी आणि राखण जास्त. थोडं थोडं, वारंवार अंगावर पाजा, एरवीच्या निम्म्याहून कमी पीत असेल तर परत न्या. पाजण्याआधी नाक साफ करा. डोक्याकडची बाजू किंचित उंच धरून कडेवर घ्या. दर चार-सहा तासांनी, झोपेत, श्वास मोजून लिहा.

टप्पा ९ : ४८ तासांनी पुन्हा

ही भेट चुकवू नका, खरा निकाल इथं लागतो. चार गोष्टी पाहायच्या : श्वासाचा आकडा उतरला का, बरगड्या ओढणं थांबलं का, पितंय का, ताप कमी झाला का. खोकला यात नाही. तो दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त राहतो आणि त्यासाठी अँटिबायोटिक लांबवायचं नसतं.

चारही सुधारल्या तर पाच दिवस पुरे करा. सुधारणा झाली म्हणजे जिवाणूच होता असं नाही, विषाणूचा आजारही एव्हाना ओसरू लागतो. सुधारणा नसेल तर आधी विचारा : मात्रा बरोबर होती का, उलटून तर पडलं नाही? मग पू, टीबी, अडकलेला दाणा, मुळातच विषाणू, या क्रमानं डॉक्टर शोधतात. दुकानातून दुसरं अँटिबायोटिक आणणं हा उपाय नाही. धोक्याची कोणतीही खूण दिसली तर ४८ तासांची वाट पाहायची नाही, मध्यरात्र असली तरी.

टोळीसोबत कारखान्याला निघायचं असेल आणि बाळाचं औषध चालू असेल, तर मुकादमाला सांगून निदान ही दुसरी भेट होईपर्यंत थांबा. थांबणं शक्यच नसेल तर लिहिलेले श्वासाचे आकडे, औषधाची चिठ्ठी आणि लसीकरणाचं कार्ड एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत घ्या, आणि ज्या गावात कोपी पडेल तिथल्या आशाताईला पोहोचल्या दिवशीच ती पिशवी दाखवा.